होमब्रू स्पर्धेत बिअर पाठवायचीय? मग आधी एक दिवस स्टुअर्ड होऊन बघा

घरी बिअर बनवायला लागलं की सहाव्या-सातव्या बॅचला एक वेळ येतेच, मित्र येतात, ग्लास रिकामा करतात, "भारी झालीये रे" म्हणतात आणि आपल्याला कळत नाही की खरंच भारी झालीये का फुकट मिळतीये म्हणून भारी झालीये. त्यांची चूक नाही, पण त्यातून शिकायला काही मिळत नाही. स्वतःच्या जिभेचं तर बोलायलाच नको, आपला तो बाब्या. अशा वेळी होमब्रू स्पर्धेत एन्ट्री टाकणं हा सगळ्यात सरळ मार्ग, कारण तिथे तुमचं नावगाव माहीत नसलेली दोन-तीन माणसं तुमची बिअर हुंगून, बघून, पिऊन कागदावर लिहून देतात की काय जमलंय आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातंय.

मी हे सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी दोन वर्षं एन्ट्र्या पाठवत राहिलो, मार्कं कमी आली की जजना नावं ठेवली, आणि मग एकदा माणसं कमी पडताहेत असं कळलं म्हणून स्टुअर्ड म्हणजे टेबलावरचा मदतनीस म्हणून गेलो. त्या एका दिवसात जेवढं कळलं तेवढं आधीच्या सगळ्या स्कोअरशीट मिळून कळलं नव्हतं. म्हणून इथे स्वयंसेवकाचं काम आधी सांगतो आणि एन्ट्रीचं नंतर, तुम्हीही जमलं तर याच क्रमाने करा.

आधी मार्कांचं गणित

बहुतेक स्पर्धा बीजेसीपीच्या पद्धतीने चालतात. बीजेसीपी म्हणजे बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संस्था, पण तिच्या स्टाइल गाइडलाइन्स, म्हणजे कुठल्या प्रकारची बिअर कशी असावी याची क्रमांकवार वर्णनं, आता कितीतरी देशांत वापरतात. सध्याची आवृत्ती २०२१ ची आहे, त्याआधीची २०१५ ची. काही स्पर्धा अजून जुनीच धरून चालतात, तेव्हा नियमांत कुठलं वर्ष लिहिलंय ते बघा.

एकूण मार्क ५०. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला म्हणजे माउथफीलला ५ आणि एकंदर छाप किंवा ओव्हरऑल इम्प्रेशनला १०. आता हे आकडे परत एकदा बघा. आपण घरी बिअर काचेसारखी नितळ व्हावी म्हणून आठवडेच्या आठवडे जीव काढतो आणि त्या सगळ्या दिसण्याला, रंग, फेस, नितळपणा सगळं धरून, तीनच मार्क. वास आणि चव मिळून ३२. गढूळ पण घमघमणारी बिअर नितळ पण मुक्या बिअरला आरामात मागे टाकते.

४५ आणि त्यावर म्हणजे आउटस्टँडिंग, ते फार क्वचित दिसतं. ३८ ते ४४ एक्सलंट, ३० ते ३७ व्हेरी गुड, २१ ते २९ गुड, १४ ते २० फेअर आणि त्याखाली प्रॉब्लेमॅटिक. अगदी ओतून द्यायच्या लायकीची बिअर असली तरी प्रथा म्हणून १३ च्या खाली सहसा जात नाहीत, म्हणजे तुम्हाला १३ मिळाले असतील तर जज सभ्य होते एवढाच त्याचा अर्थ. आणि २८ मिळाले म्हणून रडू नका, शाळेच्या मार्कांसारखं ५० पैकी २८ म्हणजे कसंबसं पास असं इथे नसतं, कागदावर त्याला "गुड" म्हणतात आणि ते खरंच तसंच असतं.

स्टुअर्ड म्हणजे नक्की काय करायचं

स्टुअर्ड व्हायला परीक्षा नाही, अनुभव लागत नाही, बिअरमधलं फार कळायलाही लागत नाही. इतकंच काय, पीत नसलात तरी चालतं, पण कायद्याने दारू प्यायच्या वयात बसायला हवं हे जवळपास सगळीकडे बघतात. आयोजकांना कळवताना नुसतं "मदत करायला आवडेल" असं लिहू नका, कुठल्या दिवशी, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत येऊ शकता, जड क्रेट उचलता येतील का, आणि तुमच्या स्वतःच्या एन्ट्र्या कुठल्या कॅटेगरीत आहेत हे सगळं पहिल्याच मेसेजमध्ये टाका. शेवटचं का, तर ज्या कॅटेगरीत तुमची बाटली आहे त्या टेबलावर तुम्हाला ठेवायचं नसतं. जजच्या बाबतीत हा नियम कडक असतोच, पण स्टुअर्डनेही स्वतःहून सांगितलेलं बरं, नंतर कुजबुज नको.

त्या दिवशी परफ्यूम, डिओ, वासाचं हॅन्डक्रीम काहीही लावून जाऊ नका. मी पहिल्या वेळी मस्त आफ्टरशेव्ह लावून गेलो होतो आणि हेड स्टुअर्डने मला दारातूनच हात-तोंड धुवायला पिटाळलं, तेव्हा जरा अपमान वाटला पण नंतर टेबलाशी उभं राहिल्यावर समजलं, जज नाक ग्लासात खुपसून बसलेला असतो आणि शेजारी उभा माणूस मोगऱ्याच्या बागेसारखा दरवळतोय म्हटल्यावर त्याने हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास शोधायचा कसा. याच कारणाने बऱ्याच ठिकाणी लाकडी पेन्सिली ठेवत नाहीत, त्या लाकडाला वास असतो, लीड भरायच्या मेकॅनिकल पेन्सिली देतात.

टेबलावर साधारण दोन जज असतात, कधी तीन. त्यांच्यापुढे एक फ्लाइट येते, म्हणजे एकाच किंवा जवळच्या स्टाइलच्या सहा ते बाराएक बिअर. तुमचं काम फ्लाइट सुरू व्हायच्या आधीच चालू होतं. टेबलावर पारदर्शक कप, पिण्याचं पाणी, तोंड साफ करायला साधे बिनमसाल्याचे क्रॅकर किंवा ब्रेड, उरलेली बिअर ओतायला बादली, ओपनर, टिश्यू, स्कोअरशीट आणि फ्लाइटची यादी. कप एकदा स्वतः हुंगून बघा, स्वस्तातल्या प्लॅस्टिकला कधीकधी असा काही वास असतो की प्रत्येक बिअरमध्ये तोच उतरतो.

मग कूलरमधून बाटल्या आणायच्या. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव नसतं, एक जजिंग नंबर असतो, तो यादीतल्या नंबरशी आणि सबकॅटेगरीशी ताडून बघायचा, आणि नुसती नजर टाकून नाही, बोट ठेवून. ६८ आणि ८६ थकलेल्या डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकीची बाटली उघडली गेली तर त्या बिचाऱ्या ब्रूअरची एक बाटली वाया जाते आणि त्याने दोनच पाठवलेल्या असतात. बिअर कुठल्या क्रमाने द्यायच्या ते जज ठरवतात, साधारणपणे हलक्याकडून जड, कमी कडूकडून जास्त कडू असं जातात, कारण आधी इम्पीरियल स्टाउटसारखी काळी, जड बिअर पिऊन मग नाजूक, हलकी लागर चाखायला दिली तर ती पाणीच लागणार.

बाटली शक्यतो उभीच आणा, हलवू नका, तळाला यीस्टचा गाळ बसलेला असतो. ओतायचं काम जजना करू द्या, त्यांना बाटलीतली पातळी, गळ्याशी काही कडं बसलंय का हेही बघायचं असतं. एकेका कपात ६० ते ९० मिलीच ओततात. झाकण फेकू नका. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी हेड स्टुअर्ड तुमच्यावर खूश, कारण फ्लाइट झाल्यावर त्यातल्या चांगल्या बिअर परत एकमेकींशी लावून बघायच्या असतात, तोपर्यंत उघडलेली बाटली त्याच झाकणाने बंद करून परत थंडीत ठेवायची असते.

एका बिअरला साधारण दहा मिनिटं जातात, पहिलीला जास्त. जज लिहीत असतात तेव्हा बोलायचं नाही. म्हणजे तोंड वाकडं करायचं नाही, "ओहो" म्हणायचं नाही, ही बिअर कुणाची असेल याचा अंदाज तर अजिबात नाही. दोघांनी लिहून झालं की ते मार्क सांगतात आणि चर्चा करतात, आणि सगळं शिकायचं असतं ते इथे. फरक फार असेल तर, बऱ्याच ठिकाणी सात मार्कांची मर्यादा धरतात, कुणीतरी थोडं वर नाहीतर खाली सरकतं. एकाला लोण्याचा वास आला, दुसऱ्याला अजिबात नाही, मग दोघं परत हुंगतात, कप तळहातात धरून गरम करतात, आणि दुसरा म्हणतो "हो रे, आता आला". डायअसेटिल, म्हणजे तो लोण्यासारखा किंवा बटरस्कॉचसारखा वास, काहींना फार पटकन कळतो आणि काहींना जवळजवळ कळतच नाही, हे मी वाचलेलं होतं पण त्या टेबलावर उभं राहून पाहिलं तेव्हा माझ्या जुन्या स्कोअरशीटवरचा राग निम्मा गेला.

जजनी स्वतःहून "चाखून बघ" म्हटलं तर उरलेली थोडी चाखा. हाच खरा पगार. आताच त्यांनी ज्याला उकडलेल्या मक्यासारखा वास म्हटलं तो डीएमएस, हिरव्या सफरचंदासारखा तो अॅसिटाल्डिहाइड, ओल्या पुठ्ठ्यासारखा तो ऑक्सिडेशनचा, नावं ऐकल्याबरोबर नाकात भरून घ्यायची. पुस्तकातून हे कितीही वाचा, पाठ होत नाही. एवढं मात्र करा की पोटभर खाऊन जा, पाणी पीत राहा आणि गाडी स्वतः चालवत जाऊ नका, एकेक घोट म्हणता म्हणता दहा बिअरचे ६०-९० मिली म्हणजे पाऊण लिटरच्या घरात जातं आणि हे एकाच फ्लाइटचं झालं.

शेवटी कागद. प्रत्येक शीटवर एन्ट्री नंबर आहे का, सबकॅटेगरी आहे का, जजचं नाव आहे का, आणि बेरीज. बेरीज तपासाच. सातव्या बिअरनंतर चांगले चांगले जज १२ आणि ९ ची बेरीज २३ करतात. मी एकदा एका शीटवर पाच मार्कांची चूक पकडली होती आणि ती बिअर पुढच्या फेरीत गेली, कुणाची होती मला आजही माहीत नाही पण अभिमान आहे.

जजिंगच्या दिवशी जमत नसेल तर आधीचं सॉर्टिंगचं काम मागून घ्या. खोकी उघडायची, फुटलेल्या बाटल्या बाजूला काढायच्या, ब्रूअरने लावलेला कागद आणि यादी जुळवायची, जजिंग नंबरचं स्टिकर लावायचं, कॅटेगरीप्रमाणे क्रेटमध्ये भरायचं. कंटाळवाणं, चिकट काम आहे आणि हात कापायची शक्यता असते म्हणून जाड हातमोजे न्या. पण बाटल्या कशा पॅक करू नयेत हे शिकायला याहून चांगली जागा नाही. स्टुअर्ड आणि बाकी कामाचेही बीजेसीपीचे पॉइंट मिळतात, पुढे कधी जज व्हायचं मनात असेल तर उपयोगी. ती वाट ऑनलाइन परीक्षेपासून सुरू होते, ६० मिनिटांची, मग चाखायची परीक्षा ज्यात ९० मिनिटांत सहा बिअरच्या शीट भरायच्या.

आता तुमची एन्ट्री: स्टाइल निवडणं

जज "ही बिअर छान आहे का" एवढंच बघत नाहीत, "ही बिअर ज्या स्टाइलखाली आलीये तशी आहे का" हे बघतात. इथेच नवीन लोक सगळ्यात जास्त मार्क घालवतात आणि यात ब्रूइंगचा काहीच संबंध नसतो, फॉर्म भरताना चुकतं.

माझंच सांगतो. मी पोर्टर ही गडद बिअर केली, चांगली झाली, रेसिपीत इंग्लिश यीस्ट होतं म्हणून डोळे झाकून १३-सी इंग्लिश पोर्टरमध्ये टाकली. २४ मार्क. दोन्ही जजनी लिहिलं की बिअर स्वच्छ आहे, पण या स्टाइलला भाजलेपणा आणि कडूपणा फार. मी चिडलो. मग गाइडलाइन उघडली, तर १३-सी ला कडूपणा १८ ते ३५ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) आणि अल्कोहोल ४ ते ५.४ टक्के, आणि माझी बिअर होती ४२ आयबीयू, ६ टक्के. म्हणजे मी सरळसरळ २०-ए अमेरिकन पोर्टर बनवली होती, तिथे २५ ते ५० आयबीयू आणि ४.८ ते ६.५ टक्के असं आहे. पुढच्या वेळी तीच रेसिपी, काडीचाही बदल न करता, २०-ए मध्ये, ३६ मार्क.

तेव्हा रेसिपी लिहिताना काय बनवायचं ठरवलं होतं ते विसरा आणि बाटलीत आत्ता काय आहे ते चाखून मग नंबर शोधा. फर्मेंटेशन कमी-जास्त झालं असेल, ठरवलेली आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सवाली कडू इंडिया पेल एल, ५ टक्के अल्कोहोलवरच थांबली असेल आणि कडूपणाही जेमतेम चाळीस असेल, तर ती १८-बी अमेरिकन पेल एल म्हणून चांगली चालेल, २१-ए अमेरिकन आयपीए म्हणून कमकुवत वाटेल, कारण तिथे ५.५ टक्क्यांपासूनच सुरुवात आहे. आकडे बसले तरी वर्णनही वाचा, प्रत्येक स्टाइलच्या खाली वास, चव, माउथफील असे वेगळे परिच्छेद असतात, ते वाचत वाचत आपली बिअर प्यायची, एक संध्याकाळ जाते पण वसूल होते. दोन स्टाइलच्या मधोमध असेल आणि नियमांत बसत असेल तर दोन्हीकडे टाका, फी दोनदा जाईल एवढंच.

फळं, मसाले, लाकूड, काही विचित्र घातलेल्या बिअरला फॉर्ममध्ये माहिती द्यावी लागते, मूळ बिअर कुठली, काय घातलंय. ही ओळ जज वाचतात आणि मग तेच शोधतात. त्यामुळे जे चवीला लागत नाही ते लिहू नका. मँगोचं नाव लिहिलं आणि मँगो सापडला नाही की मार्क गेले, नसतं लिहिलं आणि पेल एल म्हणूनच पाठवली असती तर कदाचित वाचले असते. उलट जे स्पष्ट लागतंय ते लपवूही नका. दाणे, सुकामेवा, दूध असं अॅलर्जीचं काही असेल तर ते तर लिहायचंच, त्यात मार्कांचा प्रश्न नाही, जजच्या तब्येतीचा आहे.

तारखा उलट्या मोजा

जजिंगची तारीख धरायची आणि मागे यायचं. बाटल्या पोचवायची शेवटची तारीख साधारण एक-दोन आठवडे आधी असते, नोंदणी त्याच्याही आधी बंद होते, आणि लोकप्रिय स्पर्धांत जागा भरल्या की तारखेआधीच बंद. बाटलीत साखर घालून गॅस भरवत असाल तर खोलीच्या तापमानाला दोन-तीन आठवडे द्या. फर्मेंटेशन दोन आठवडे धरा. म्हणजे साध्या एलसाठीसुद्धा जजिंगच्या सात-आठ आठवडे आधी भांडं चुलीवर चढलेलं पाहिजे, थंडीत सावकाश होणाऱ्या लागरला त्याहून बराच जास्त वेळ.

हॉपी बिअर आणि गव्हाच्या बिअर जितक्या ताज्या तितक्या चांगल्या, चार महिने जुनी आयपीए पाठवणं म्हणजे फी दान करणं. बार्लीवाइन किंवा इम्पीरियल स्टाउटसारख्या जड बिअर मात्र सहा महिने, वर्षभर ठेवून पाठवल्या तर उलट गोलाई येते. त्यामुळे पहिल्यांदा पाठवणाऱ्याने एक ताजी आणि एक जुनी जड अशी निवडली तर धावपळ कमी होते.

बाटलीत भरायच्या आधी डायअसेटिलची चाचणी करून घ्या, सोपं काम आहे. दोन ग्लासांत थोडी थोडी बिअर, दोन्ही झाकायचे, एक ६०-७० अंश गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचा, मग थंड करून दोन्ही हुंगायचे. गरम केलेल्यात लोणी आलं आणि गार असलेल्यात नाही, तर अजून लपलेलं आहे, यीस्टला आणखी काही दिवस द्या. दोन्हीत नाही, तर भरा.

बाटली

नियम साधे असतात पण काटेकोर. साधारण ३५५ मिलीची, गडद काचेची, क्राउन कॅपवाली म्हणजे पत्र्याच्या दातेरी झाकणाची बाटली, वर काही लेबल नाही, काचेत उठावदार अक्षरं नाहीत, झाकणावर छापलेलं काही असेल तर काळ्या मार्करने खोडलेलं. वर चिमट्यासारखं झाकण असलेल्या बाटल्या बरेचदा घेत नाहीत. हे सगळं कशासाठी, तर बाटलीवरून कुणाची ते ओळखू येऊ नये. तपकिरी काच शक्य असेल तर तीच घ्या, हॉप्समधल्या कडू संयुगांवर प्रकाश पडला की स्कंक नावाच्या प्राण्यासारखा तो उग्र वास येतो आणि हिरवी काच त्याला फारशी अडवत नाही, पारदर्शक तर नाहीच.

वरती दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडा. केगमधून म्हणजे बिअरच्या धातूच्या टाकीतून भरत असाल तर बाटली आणि बिअर दोन्ही चांगली गार करा, बाटलीत आधी कार्बन डायऑक्साइड सोडा, खालून सावकाश भरा आणि वर फेस आला की फेसावरच झाकण ठोका म्हणजे आत हवा राहत नाही. बिअर केगमध्ये असते त्याहून थोडा गॅस जास्त ठेवा, भरताना थोडा जातोच. आणि दोन मागितल्या तरी चार भरा. एक आठवड्याने उघडून बघायला, एक जजिंगच्या दिवसासाठी फ्रिजमध्ये, ती कशाला ते शेवटी सांगतो.

खोकं

मोठी कचऱ्याची पिशवी खोक्यात अंथरा. प्रत्येक बाटली झिपवाल्या पिशवीत, मग बबल रॅपचे दोन-तीन फेरे, गळ्याला वेगळा. एन्ट्रीची माहिती असलेला कागद बाटलीला रबर बँडने बांधायचा, चिकटपट्टीने नाही, आणि गोंदाने तर नाहीच, सॉर्टिंग करणाऱ्यांना तो काढायला लागतो. बाटल्या उभ्या ठेवा, फटी कागदाच्या बोळ्यांनी भरा, खोकं बंद करून हलवा, आतून आवाज आला तर परत उघडा. काहीजण थर्माकोलचे गोळे ओततात, कृपा करून नका ओतू, एक खोकं उघडलं की पूर्ण खोलीभर होतात आणि ते झाडायला मीच असतो.

पाठवायचं आठवड्याच्या सुरुवातीला, म्हणजे सुट्टीत कुठल्यातरी गोदामात उन्हात पडून राहत नाही. आणि त्याआधी तुमच्याकडे घरी बिअर बनवायला आणि ती पार्सलने पाठवायला परवानगी आहे का ते नीट बघून घ्या, ठिकाणागणिक कायदा वेगळा आहे, काही ठिकाणी बनवायलाच बंदी, काही ठिकाणी बनवता येते पण पोस्टाने पाठवता येत नाही. जमत असेल तर स्वतः नेऊन देणं सगळ्यात उत्तम.

शीट आल्यावर

दोन-तीन आठवडे लागतात, कधी जास्त. पाकीट किंवा पीडीएफ आली की सगळे आधी मार्क बघतात, बघा, पण मग एक दिवस तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी पेन घेऊन बसा आणि दोन्ही जजनी लिहिलेलं जे समान आहे तेवढं अधोरेखित करा. एकानेच लिहिलंय ते बाजूला ठेवा, कदाचित खरं असेल कदाचित त्याची सातवी बिअर असेल. दोघांनी लिहिलंय ते मात्र आहेच, तिथे वाद नको. "थोडा तुरटपणा" दोघांनी लिहिला असेल तर धान्य धुतलेल्या पाण्याचं तापमान आणि पीएच बघा, औषधासारखा किंवा बँडेजसारखा वास लिहिला असेल तर आधी पाण्यातल्या क्लोरिनवर संशय घ्या, बाटली उघडल्यावर फवारा उडाला असं असेल तर एकतर साखर जास्त पडली नाहीतर कुठेतरी स्वच्छतेत राहिलं.

आता ती फ्रिजमधली बाटली. जजिंगच्या दिवशी ती उघडायची, कोरी स्कोअरशीट डाऊनलोड करून आपणच भरायची, मार्कांसकट, आणि घडी घालून ठेवून द्यायची. जजची शीट आली की दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. माझ्या पहिल्या अशा प्रयोगात मी स्वतःला ३९ दिले होते आणि त्यांनी २९, आणि दोघांनीही ओला पुठ्ठा लिहिला होता जो मला अजिबात लागला नव्हता. नशिबाने एक बाटली अजून शिल्लक होती. ती उघडली, ग्लास हातात गरम केला, डोळे मिटून हुंगला, आणि हो, पुठ्ठाच होता.